पाच जागा, एक छोटा हत्ती, नऊ हजार रुपये: एकांकिकेच्या सेटसाठी सल्ला हवाय

कच्चा_आराखडा

नमस्कार मंडळी. मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "तू सिव्हिलची ना, मग सेट तुझ्याकडे," एवढ्या एका वाक्यावर यंदाच्या एकांकिकेचं नेपथ्य माझ्या गळ्यात पडलंय. आजवर मी स्वतःच्या हाताने बनवलेली सगळ्यात मोठी लाकडी वस्तू म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमधला टी-जॉइंट, आणि तोही हलत होता.

एकांकिका आमच्याच एका मुलाने लिहिली आहे. गावातली विहीर सातबाऱ्यावर नेमकी कोणाच्या नावावर आहे, यावरून दोन भावांत आणि मग त्यांच्या पोरांत जुंपते. पंचेचाळीस मिनिटांत पाच जागा येतात: एसटी स्टँड, घराची पडवी, तलाठी ऑफिस, धाकट्याच्या मुलीची हॉस्टेलची खोली आणि विहिरीचा काठ. पडवी तर तीनदा येते. मी संहितेवर पेनाने मोजलं, एकूण आठ बदल आहेत.

हातात काय आहे ते सांगते. पैसे नऊ हजार. टेम्पोभाडं वेगळं, ते कॉलेज देणार. पण टेम्पो म्हणजे छोटा हत्ती, आणि एकच फेरी. स्पर्धेत सेट लावायला दहा मिनिटं, काढायला पाच. स्टेजवर खिळा ठोकायचा नाही हे नियमांच्या कागदावर जाड अक्षरात छापलंय. तालमीला कॉलेजचा मागचा हॉल मिळालाय, त्याच्या मधोमध खांब. बॅकस्टेजला आम्ही चौघं, त्यातला एक म्युझिकवर आणि एक लाइटवर, म्हणजे उरले दोघं. नट आठ आहेत.

गेल्या वर्षी आमच्या सीनिअर्सनी हौसेने खरंखुरं घर उभं केलं होतं. फ्लॅट (म्हणजे सेटच्या खोट्या भिंती), खिडकी, चौकटीसकट दार, सगळं. शेवटाकडे नायक चिडून दार आपटून निघून जातो. त्याने दार आपटलं आणि अख्खी भिंत पुढेमागे डोलली, आजोबांचा हार घातलेला फोटो तिरका झाला. मागच्या रांगेतून कोणीतरी "भूकंप!" असं ओरडलं. त्यानंतर बायकोचं चार मिनिटांचं स्वगत होतं. ते कोणी ऐकलं नाही.

आमचा दिग्दर्शक मध्यंतरी एक व्यावसायिक नाटक बघून आलाय आणि तेव्हापासून फिरता रंगमंच, फिरता रंगमंच असा जप चालू आहे. मला तर झोपेतही सगळं फिरताना दिसतं. पाचही जागा एकाच सामानातून कशा काढायच्या, कोणी सांगेल का? आणि लाकडाच्या दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं, तेही सांगा. मागच्या आठवड्यात गेले होते, त्यांनी विचारलं "कमर्शियल की मरीन?" आणि मी "विचारून सांगते" म्हणून परत आले.

---

तिसरी_घंटा

दिग्दर्शकाच्या हट्टाला माझा पाठिंबा आहे, पण लांबूनच. १९६२ साली 'तो मी नव्हेच' फिरत्या रंगमंचावर आलं, ते त्या नाटकाची गरज होती म्हणून. कोर्ट चालू, साक्षीदार बोलायला लागला की त्याने सांगितलेला प्रसंग समोर, तो संपला की पुन्हा कोर्ट. त्यात प्रभाकर पणशीकरांच्या पाच वेगवेगळ्या भूमिका. तिथे पडदा पाडून सामान हलवत बसले असते तर खटल्याचा सगळा जोर गेला असता.

तुमच्याकडे ती अडचण आहे का, हे त्याला विचारा. शिवाय बारा फुटी चकती करायची म्हणजे ती तुकड्यांत कापून नेणार, जागेवर जोडणार, खाली पंधरा-वीस चाकं, आणि मधला खुंटा जमिनीला घट्ट हवा. खिळा ठोकायला बंदी, मग खुंटा कशात बसवणार? चकती फिरेल, पण फिरता फिरता विंगेत जाईल.

---

खिळेमास्तर

पोरी, आधी मोजपट्टी खाली ठेव आणि संहिता हातात घे. प्रत्येक बदलाच्या जागी समासात दोन गोष्टी लिही: जाताना कोणाचे हात रिकामे आहेत आणि येताना कोणाचे. मी दिवसा एसटीच्या वर्कशॉपात बॉडी फिटर होतो, आणि संध्याकाळी सत्तावीस वर्षं हौशी नाटकांचं बॅकस्टेज केलं. वडील सुतार. एवढ्या वर्षांत लाकूड कधी कमी पडलं नाही, दर वेळी कमी पडले ते हात.

तुझ्याकडे माणसं दोन आणि बदल आठ. एका ब्लॅकआउटला अर्धा मिनिट धर, म्हणजे चार मिनिटं लोक अंधारात बसून खोकणार. त्यापेक्षा नटांनाच बदलू दे, आणि उजेडात बदलू दे. तलाठी भाऊसाहेब स्वतःचं टेबल स्वतःच काखेत मारून आणतात, फुंकर मारून धूळ उडवतात आणि बसतात, याला लोक हसतील बघ. तोच तुझा बदल झाला.

आता सामान. खोके कर, आठ. खोके सगळेच करतात, पण चहूबाजूंनी अठरा इंचाचे ठोकळे करतात. तो कसाही ठेव, उंची अठराच राहते. तू तिन्ही मापं वेगळी घे, २४ बाय १८ बाय १२ इंच. पालथा घातला की १२ इंच उंच. कडेवर आडवा ठेवला की १८, म्हणजे बाकड्याची उंची. उभा केला की २४. एकाच खोक्यात तीन उंच्या.

मग हिशेब बघ कसा बसतो. चार खोके १८ वर एका रांगेत ठेवले की आठ फुटांचं बाकडं झालं, हा तुझा एसटी स्टँड. आठही पालथे, चार-चारच्या दोन रांगा, की आठ फूट बाय तीन फूट ओटा, ही पडवी. हॉस्टेलला सहा पालथे, तीन-तीनच्या दोन रांगा: सहा फूट बाय तीन फूट, एका माणसाच्या कॉटचं माप. उरलेले दोन एकमेकांवर उभे केले की कपाट. विहिरीला सगळे अर्धवर्तुळात. तलाठ्याला दोन उभे खोके जोडून टेबल आणि बसायला एक पालथा. टेबल २४, बैठक १२, फरक बाराचा. खऱ्या टेबल-खुर्चीत साधारण तेवढाच असतो. पण असा बसला की भाऊसाहेब मान वर करून शेतकऱ्याशी बोलणार, आणि ऑफिसात कारभार उलटा असतो. म्हणून टेबलाच्या आणि बैठकीच्या खाली एकेक पालथा सरकव. उंची वाढली की रुबाब आपोआप वाढतो. टेबलाच्या उभ्या दोन खोक्यांना खालचा एक पालथा पुरतो, कारण उभ्याचं तळ १८ बाय १२ आणि पालथ्याचं २४ बाय १८. करून बघ, पटेल.

दुकानात माग कमर्शियल प्लाय, १२ एमएम, ८ बाय ४ च्या तीन शीट. मरीन पाण्यासाठी असतो, तुझी विहीर कोरडी आहे. मला हल्ली एक शीट दीड हजाराच्या आसपास पडली, तुमच्या गावात थोडं इकडेतिकडे. त्याच्या सोबत पाइनच्या दीड इंची पट्ट्या कोपऱ्यांना, एक इंची स्क्रू आणि फेव्हिकॉल.

कापायचं असं. पहिल्या शीटमधून लांबीत एक १८ इंचाचा पट्टा काढ, त्याचे २४-२४ चे चार तुकडे, ही चार खोक्यांची डोकी. मग १२ इंचाचे दोन पट्टे, त्यातून २४ चे आठ तुकडे, या लांब बाजू. उरला सहा इंचाचा पट्टा, तो फेकू नकोस. दुसरी शीट तशीच. तिसरीतून १८ बाय १२ चे सोळा तुकडे, ही टोकं. तळ नाही, तो उघडाच ठेवायचा. वजन कमी होतं, आत वस्तू लपवता येतात, आणि टेम्पोत खोक्याच्या पोटात लाइट-वायरी-कपडे सगळं मावतं. उघड्या तोंडाला मधोमध एक आडवी पट्टी मार, नाहीतर उभा केल्यावर तो चिमटतो. असा खोका सात-आठ किलोच्या आत बसतो, तलाठी काखेत मारू शकतो.

एक चूक सगळे करतात, तू करू नकोस. डोकं बाजूंच्या वर बसतं, म्हणून सगळ्या बाजूंची उंची बारा मिलिमीटरने कमी काप. टोकाच्या फळ्या दोन लांब बाजूंच्या मधे बसतात, म्हणून त्यांच्या रुंदीतून चोवीस मिलिमीटर वजा. करवतीच्या पात्यातही प्रत्येक कापाला तीन-एक मिलिमीटर जातात. ते जाऊ देत. आठही खोके सारखेच आखूड झाले तर कोणाच्या बापाला कळत नाही. कळतं ते एक वेगळा निघाला की. म्हणून पहिला खोका तब्येतीत कर, गुण्या लावून काटकोन तपास, दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की मग तोच फर्मा.

टोकांना हात घालायला खाच पाड, बोटं चार इंच मावली पाहिजेत, आणि तिच्या कडा पॉलिश पेपरने घास. कातडी सोललेली नटी पुढचा बदल करत नाही. आतून जुनं गोणपाट चिकटव. नाहीतर खोक्यावर पाय पडला की ढोल वाजतो. जमिनीला लागणाऱ्या कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या.

आणि चाकं लावू नकोस. माझं ऐक. एका ऐतिहासिक नाटकात आम्ही लेव्हलला, म्हणजे लाकडी चौथऱ्याला, चाकं लावली, वर सिंहासन. तालमीच्या फरशीवर लोण्यासारखी फिरली. प्रयोगाच्या स्टेजला लाकडी फळ्या होत्या, दोन फळ्यांच्या फटीत पुढचं चाक बसलं आणि राजेसाहेब अर्ध्या वाटेत अडकले. मागून ढकलणारे आम्ही दोघं हाफ पॅंटीत, प्रेक्षकांना स्वच्छ दिसत होतो. राजा मोठा तयारीचा. "स्वारी इथेच थांबेल!" म्हणाला. हे वाक्य संहितेत नव्हतं.

---

तिरका_काटकोन

मास्तरांचे खोके मस्त. मागच्या भिंतीसाठी मी आर्किटेक्चरवाला म्हणून एक भर घालतो. तिन्ही बाजूंनी वेगळा रंगवलेला उभा त्रिकोणी खांब, प्रत्येक बाजू तीन फूट. फिरवला की देखावा बदलला. ही युक्ती ग्रीक रंगभूमीवरची, तिला पेरियाक्टोई म्हणतात, आणि दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. असे तीन खांब शेजारी उभे केले की नऊ फुटी भिंत, आणि तिचे तीन अवतार: पडवी, ऑफिस, आभाळ.

भूमिती मात्र आधी करा. तीन फूट बाजूच्या त्रिकोणाचा कोपरा फिरताना साधारण पावणेदोन फुटांच्या त्रिज्येने फिरतो. खांब अगदी चिकटून ठेवले तर एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला घासतो, म्हणून मधे दोन इंच फट ठेवा आणि एका वेळी एकच फिरवा. आम्ही फर्स्ट इयरला दोन एकदम फिरवले, एक सुलट, एक उलट. कोपऱ्यावर कोपरा आदळला, दोघांच्या पट्ट्या तुटल्या, आणि मॉडेल नव्हे हो, खरे आठ फुटी खांब होते ते.

---

बाकड्यावरचा_राजा

मी कुडाळचा. तुमचं सगळं वाचलं आणि हसू आलं, राग मानू नका. आमच्या दशावतारात रात्रभर नाटक चालतं आणि सेट म्हणजे एक लाकडी बाकडं. इंद्र बसला की सिंहासन, राक्षस उभा राहिला की पर्वत, दोघं त्यावर पुढेमागे बसले की रथ. जत्रेत देवळाच्या आवारात, मागे एक पडदा, बस. लहानपणी मला कधीच प्रश्न पडला नाही की हा आता पर्वत कसा झाला, कारण राजा त्यावर चढताना धापा टाकायचा.

तर ताई, खोके करा, नक्की करा. पण नटांना सांगा की एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसायची एक पद्धत असते, पाय लांब, पिशवी मांडीवर, नजर गाडी येते त्या बाजूला. पडवीच्या ओट्यावर असं कोणी बसत नाही. नटाने बसणं बदललं नाही तर खोका खोकाच राहणार. नाटक खोक्यापाशी सुरू होत नाय.

---

कच्चा_आराखडा

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. मास्तरकाका, तुम्हाला तर काय बोलू! दिग्दर्शकाला हा धागा दाखवला. "उजेडात बदल" वाचून तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं." फिरता रंगमंच मिटला.

पेरियाक्टोई मला फार आवडले, पण आठ फुटी खांब छोट्या हत्तीत जाणार नाहीत. हौदा मोजला, जेमतेम सात फूट. मग भिंतीचं काय करू?

शिवाय नवी अडचण. खोके अजून झाले नाहीत म्हणून विटा रचून बारा इंचाच्या ओट्यावर तालीम केली. आजीचं काम करणारी मुलगी नऊवारीत आहे. बारा इंच चढताना तिचा पाय काष्ट्यात अडकला आणि ती तोंडावर येता येता वाचली. आठ इंच करू का सगळे? आणि रंग काळा देऊ ना? कोणत्याही जागेला चालेल म्हणून.

---

खिळेमास्तर

माप बदलू नकोस, सगळा हिशेब बिघडेल. तो सहा इंचाचा पट्टा फेकू नको म्हटलं होतं ना? पहिल्या दोन शीटमधले असे दोन पट्टे आहेत, प्रत्येकी आठ फूट. एकेकातून २४ चे दोन आणि १२ चे दोन तुकडे काढ, या पायरीच्या बाजू. तिसऱ्या शीटमध्ये सोळा टोकं काढून झाली की शेवटच्या पट्ट्यात साडेसहा फूट शिल्लक राहतं, त्यातून २४ बाय १२ ची दोन झाकणं. दोन पायऱ्या झाल्या, सहा इंच उंच. आजी आधी सहावर, मग बारावर. तीन शीटमध्ये आठ खोके, दोन पायऱ्या, आणि हातात एक चतकोर तुकडा. तिला पायरीची सवय तालमीतच लाव. नऊवारीतली बाई घरात पायरी न बघता चढते, स्टेजवर बघून चढली की नवखी वाटते.

काळा नको. काळ्यावर धुळीचा प्रत्येक ठसा दिसतो, तिसऱ्या प्रवेशापर्यंत तुझे खोके चपलांचं दुकान होतील. ऑइलपेंटही नको, लाइट पडला की चमकतो. डिस्टेंपर घे, मातकट करडा, गेरूचा हात दे, वरून स्पंजाने थापट. दोन-तीन खोक्यांच्या रंगात लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालव, शेणाने सारवल्यासारखा खरबरीतपणा येतो. रंग झाल्यावर आत नंबर घाल. आणि प्रत्येक जागेच्या खुणा जमिनीवर रेडियमच्या बारीक तुकड्यांनी, पडवीला एक आकार, स्टँडला दुसरा. मोठे लावू नकोस, पहिल्या रांगेला दिसतात.

भिंतीला साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद अशा दोन चौकटी कर, दोन बाय एकच्या पट्ट्यांच्या. बिजागरी एकाच बाजूला दुमडते, ती नको. खाटेच्या नवारीचे तुकडे घे आणि एक या चौकटीच्या पुढून त्या चौकटीच्या मागे, दुसरा उलटा, असे आलटून पालटून ठोक. मग दोन चौकटींचं हे पुस्तक दोन्हीकडे उघडतं. दोन्ही बाजूंना मांजरपाट ताणून लाव. एका बाजूला मातीची भिंत. दुसरीकडे सरकारी ऑफिस: खाली कंबरेइतका हिरवा पट्टा, वर पांढरा, मधे बोटभर काळी रेघ. बाकी काही लिहू नकोस, ती रेघ बघितली की लोकांना साहेब जेवायला गेलेत ते आपोआप कळतं. काटकोनात उघडी ठेवली की उभी राहते, तरी पायात वाळूची पिशवी हवीच. पंखा चालू असतो एखाद्या हॉलमध्ये.

---

निळं_जिलेटीन

विहिरीसाठी माझी एक आवडती गोष्ट. खोक्यांच्या अर्धवर्तुळाच्या आत मोठी परात, त्यात इंचभर पाणी, तळाला आरशाचे फुटके तुकडे. वरून तिरका एक स्पॉट, निळं जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून, फक्त परातीवर. पाणी हललं की उजेडाची जाळी काठावर वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नाचते. तुमच्यात कोणी विहिरीत दगड टाकतं का? टाकत असेल तर खरा खडा टाकू दे, चेहऱ्यावर आपोआप लाट येते. परातीखाली ओलं फडकं ठेवा, सरकत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र तिच्यापासून लांब, आणि टेबलावर, जमिनीवर नाही.

---

कच्चा_आराखडा

प्रयोग काल झाला. लिहायला उशीर झाला कारण दुपारपर्यंत झोपले होते.

काकांनी बजावूनही आम्ही ती चूक केलीच. तिसऱ्या खोक्यापाशी मी वर्गात होते, मुलांनी टोकाच्या फळ्यांतून चोवीस मिलिमीटर वजा केलेच नाहीत. खोका बाकीच्यांपेक्षा बोटभर रुंद झाला आणि वरचं झाकण आखूड पडलं. नवीन शीटला पैसे नव्हते, म्हणून फटीत पट्टी ठोकून वर लांबी (पुट्टी) भरली. त्याचं नाव पडलं जाड्या. पडवीच्या रांगेत तो कुठेच नीट बसेना, शेवटी कायमचा कडेला, आणि ऑफिसात भाऊसाहेबांच्या बैठकीला. तलाठ्याचं काम करणाऱ्या मुलाने त्यावर बसण्याआधी दोनदा हाताने ठोकून बघायची लकब काढली. काल त्याला टाळी पडली.

खर्च आठ हजार सहाशे झाला, चहा धरून. सेट लावायला साडेपाच मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसले होते आणि उरलेल्या वेळात काय करायचं ते आम्हाला कळेना, म्हणून सगळ्यांनी रेडियमच्या खुणा पुन्हा दाबून बसवल्या.

कुडाळच्या दादांनी सांगितलेलं बसणं आम्ही दोन तालमी नुसतं तेच केलं. एक रविवार सगळे नट खऱ्या स्टँडवर जाऊन बसले. कंट्रोलरने तीनदा विचारलं कुठे जायचंय म्हणून.

विहिरीचं मात्र मला लिहायलाच पाहिजे. थोरला भाऊ काठावर बसतो, एक शब्द बोलत नाही, आणि सातबाऱ्याचा कागद फाडायला जातो, फाडत नाही, खडा उचलतो आणि टाकतो. तालमीत परात होती पण लाइट नव्हता, त्यामुळे मी ते कधी पाहिलंच नव्हतं. काल विंगेतून पाहिलं. टपकन् आवाज आला आणि त्याच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत उजेडाच्या रेघा वर सरकत गेल्या, मग हळूहळू थांबल्या. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. नंतर त्याने मला सांगितलं की त्याला स्वतःला काहीच दिसत नव्हतं, नुसतं डोळ्यांत निळं जात होतं.

आम्हाला लेखनाचं उत्तेजनार्थ मिळालं. नेपथ्याचं बक्षीस दुसऱ्या कॉलेजला गेलं. त्यांचं खरं घर होतं, चौकटीसकट दार, आणि त्यांच्या नायिकेने ते असं आपटलं की मी डोळे मिटले. भिंत हललीही नाही! निकालानंतर त्यांच्या बॅकस्टेजच्या मुलाला गाठलं. म्हणाला, दाराच्या दोन्ही बाजूंच्या फ्लॅटना मागून दोन-दोन टेकू, प्रत्येकाच्या पायावर वाळूचं अख्खं पोतं, आणि चौकट भिंतीला जोडलेलीच नाही. दार स्वतःच्या पायावर वेगळं उभं आहे, भिंत त्याच्या शेजारी नुसती उभी आहे. गेल्या वर्षीच्या सीनिअर्सना हा धागा पाठवतेय.

मास्तरकाका, एक शेवटचा प्रश्न. खोके ठेवायला कॉलेजने जागा दिली नाही म्हणून आठही मुलांच्या हॉस्टेलवर गेले. आज बघितलं तर तीन खोक्यांवर कॅरम मांडलाय, एकावर इस्त्री, आणि जाड्या कोणीतरी खोलीत नेऊन त्यावर पाण्याचा जार ठेवलाय. पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा आहे. परत कसे मागू?

---

खिळेमास्तर

मागू नकोस. त्या पोरांना बॅकस्टेजला घे.